दलदली भोवत्या: तीन हिवाळे, एक बांध आणि थोडे फोटो

पाणकणीस

पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे दलदली भोवत्या ह्या शिकारी पक्ष्याचे, म्हणजे मार्श हॅरियरचे, चारेक हजार फोटो जमले. त्यातले जवळजवळ सगळे पाठमोरे. पक्षी दिसला की मी बांधावरून त्याच्या दिशेने चालू लागायचो आणि तो आपला पुढे सरकायचा. मी थांबलो की तोही कुठेतरी बसायचा. मी पुन्हा निघालो की तो पुन्हा उठायचा. घरी येऊन बघावं तर शेपूट, पंखांची मागची कड आणि निघून चाललेलं डोकं. लेन्स कमी पडते असं मला वाटत होतं. लेन्सचा काहीच दोष नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात पाय मुरगळला, म्हणून नाइलाजाने एका जागी बसू लागलो. पाणकणसाच्या (पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या) बेटाला लागून बांधाचा एक कोपरा आहे, तिथे खाली मांडी घालून, अंगावर मातकट रंगाची चादर. पहिले चार दिवस काही हाती लागलं नाही. पण वहीत वेळा लिहीत गेलो आणि पाचव्या दिवशी वही चाळताना लक्षात आलं की हा पक्षी भटकत नाही, फेरी मारतो. ऊन पाणकणसाच्या शेंड्यांवरून खाली उतरलं की तो उठतो. आधी वेताच्या आणि उघड्या पाण्याच्या मधल्या कडेने जातो, मग पलीकडच्या गवताळ पट्ट्यात वळतो आणि साधारण पाऊण तासाने त्याच कडेने परत येतो. रोज अगदी मिनिटावर नाही, पण वाट तीच. त्याला तीच कड का आवडते, तेही बसल्या बसल्या कळलं. दाट वेतात त्याला काही दिसत नाही, उघड्या पाण्यावरच्या पक्ष्यांना तो लांबूनच दिसतो. कडेवर मात्र तो वेताच्या आडून अचानक प्रकटतो आणि पलीकडे बेसावध कोणी असेल तर त्याच्या डोक्यावरच येतो.

त्याचं उडणं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार-पाच सावकाश फडफडी, मग पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर धरून तरंगणं. उंची फार तर दोन पुरुष. मान खाली, नजर खाली. मग मधेच जणू कोणी दोरी ओढावी तसा जागच्या जागी गर्रकन वळतो, पाय खाली सोडतो आणि वेतात कोसळतो. वेत हलतो, दोन-तीन शेंडे डोलत राहतात, मग शांत. बहुतेक वेळा तो रिकाम्या पायांनी वर येतो. ह्या भोवत्यांच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची तबकडी असते, घुबडाइतकी ठसठशीत नसली तरी असते. त्यामुळे गवतातली खसखस त्याला ऐकू येते. एकदा एक मादी माझ्यापासून फार तर पंधरा पावलांवर हवेत थबकली. वेताच्या मुळाशी काहीतरी कुरतडत होतं, ते मलाही ऐकू येत होतं. तिने डोकं आधी डावीकडे कलवलं, मग उजवीकडे, मग खाली झेपावली. तेव्हा मी कॅमेरा उचललाच नाही. उचलायचं सुचलंच नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. माझ्याकडचा सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात धारदार फोटो त्याच मादीचा आहे. डोळ्यातली उन्हाची टिकली दिसते, पंखाच्या टोकाची पाच 'बोटं' सुटी सुटी दिसतात. तो मी कुठेच टाकलेला नाही. त्या दिवशी ती वारकऱ्यांच्या (कूट, काळे पाणपक्षी) थव्यामागे लागली होती. भोवत्या वरून आला की वारकरी एकमेकांना खेटून काळी चटई करतात. तिने त्यातला एक वेगळा पाडला होता. ती वर आली की तो बुडी मारायचा, वर आला की ती पुन्हा वर हजर. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण शेवटी त्याची बुडी उथळ होत गेली आणि तिने त्याला धरला. पाण्यातून काठावर आणताना ती पंखांनी वल्हवल्यासारखी आली. तिने पिसं उपटायला सुरुवात केली आणि मला राहवलं नाही. उठलो, दहा-बारा पावलं पुढे गेलो. ती थेट माझ्या दिशेने उठली आणि माझ्यावरून गेली, तोच तो फोटो. शिकार जमिनीवरच राहिली. मी मागे फिरून लांब जाऊन बसलो, पण तोवर कावळे उतरले होते. ती दोनदा घिरटी घालून गेली. उतरली नाही.

त्यानंतर मी एक नियम धरलाय: बसल्या जागेवरून मिळेल तोच फोटो. तिसऱ्या हिवाळ्यात फोटो तीनशेही झाले नाहीत. पण त्यातले बरेचसे समोरून आहेत.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः जे एकाच पाणथळीवर वर्षानुवर्षं जातात त्यांनी.

---

शेकाट्या

सुंदर लिहिलंय. वारकऱ्याचा प्रसंग वाचून गलबलून आलं.

एक तांत्रिक शंका. माझ्या फोटोंत भोवत्या कायम काळा ठिपका येतो. पाठीमागे आकाश असलं की डोळा दिसतच नाही. सेटिंग काय ठेवता?

---

पाणकणीस

@शेकाट्या, धन्यवाद. हा पक्षी चॉकलेटी आणि मागे उजळ आकाश, त्यामुळे कॅमेरा आकाशाकडे बघून प्रकाश कमी करतो. आकाश मागे असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ च्या आसपास, ढगाळ असेल तर आणखी थोडं. पण तोच पक्षी खाली येऊन गडद वेतासमोरून गेला की उलटं होतं, सगळं पांढुरकं. दर सेकंदाला चाक फिरवत बसण्यापेक्षा स्वच्छ उन्हात मी सरळ मॅन्युअलवर जातो. ऊन तेच, पक्षी तोच, मग मागे काय आहे त्याने फरक का पडावा? शटर १/२५००, ॲपर्चर लेन्स उघडेल तेवढं (माझ्याकडे एफ ६.३), आणि आयएसओ काठावरच्या उन्हातल्या मातीवर बघून एकदाच ठरवतो. ढग ये-जा करत असतील तेव्हा ऑटो आयएसओ. नर आला तर जरा कमी करा, त्याचे पंख खालून फिके असतात आणि पिसांचा पोत जळून जातो.

ह्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेणं. ऊन पाठीशी हवं हे सगळ्यांना माहीत असतं, वाऱ्याचं कोणी सांगत नाही. भोवत्या वाऱ्याला तोंड देऊन हळू उडतो, कारण तेव्हाच त्याला खालचं नीट न्याहाळता येतं. वारा तुमच्या पाठीवर येत असेल तर तो तुमच्याकडे तोंड करून, अगदी सावकाश येतो. वारा समोरून असेल तर दिवसभर पाठ बघायची. म्हणून निघण्यापूर्वी मी वाऱ्याची दिशा बघतो. सकाळी पूर्वेचा वारा असेल तर पाणथळीच्या पूर्व काठावर, संध्याकाळी पश्चिमेचा असेल तर पश्चिम काठावर. दोन्ही जुळत नसेल त्या दिवशी दुर्बीण घेऊन जातो आणि कॅमेरा घरी.

आणि जमेल तितकं खाली बसा. पक्षी पाण्यालगत उडतो तेव्हा पाण्यावरून परतलेलं ऊन त्याच्या पोटावर पडतं. तो उजेड बांधावर उभं राहून मिळत नाही.

---

धुकट

मी ह्यात अगदी नवीन. मागच्या आठवड्यात पाणथळीवर पूर्ण काळपट तपकिरी पक्षी दिसला, डोकं मात्र सायीच्या रंगाचं. मला गरुड वाटला, सोबतचे काका ससाणा म्हणाले, एक जण घार म्हणाला. हा भोवत्याच का? आणि ससाणा, घार, गरुड ह्यांत नेमका फरक कसा करायचा?

---

जुना_दुर्बीणवाला

@धुकट, तुम्ही वर्णन केलंय ती दलदली भोवत्याची मादी किंवा त्याच वर्षीचं पिल्लू. मादीच्या खांद्यावर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेलाही, सायीचा पट्टा असतो. पिल्लाच्या अंगावर तो बहुधा नसतो आणि पिसं एकसारखी नवी दिसतात. प्रौढ नर तिरंगी: तपकिरी पाठ, राखाडी पंख आणि शेपूट, पंखांची टोकं काळी. डोकं अजिबात फिकं नसलेले, सगळेच्या सगळे गडद पक्षीही दिसतात, तेव्हा घाबरून गरुड लिहू नका. आणखी एक गुंता आहे. पश्चिम फ्रान्समध्ये काही नर आयुष्यभर मादीसारखाच तपकिरी पिसारा ठेवतात आणि तिथल्या अभ्यासात अशा नरांचं प्रमाण बरंच मोठं आढळलं आहे. इतर नर त्यांच्यावर कमी धावून जातात. म्हणून लांबून बघून नर-मादी छातीठोकपणे सांगू नये.

रंगापेक्षा चाल बघा. ते नेहमी कामाला येतं. घार शेपूट सुकाणूसारखं सतत वळवते आणि तिच्या शेपटीला खाच असते. गरुड फळीसारखे रुंद पंख पसरून उंच घिरट्या घालतो. भोवत्या खाली, व्ही आकारात, शोधत शोधत जातो. कापशी एका जागी पंख फडफडवत हवेत टांगल्यासारखी थांबते. शिक्रा झाडातून झाडात, भरभर फडफड आणि एक तरंग. बहिरी ससाणा टोकदार पंखांचा, त्याच्या सुरकांडीचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

आपण बोलताना सगळ्यांनाच 'ससाणा' म्हणून टाकतो, पण खरे ससाणे वेगळ्याच घराण्यातले. घार, गरुड, शिक्रा, भोवत्या हे एका कुळातले. २००८ साली पक्ष्यांच्या वंशावळीचा मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ससाणे ह्या मंडळींपेक्षा पोपटांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या जवळचे निघाले. वाकडी चोच आणि नख्या दोघांकडे स्वतंत्रपणे आल्या.

आता एक गोष्ट, जी कुठल्याही पुस्तकाआधी मला बदकांनी शिकवली. आकाशाकडे बघत बसू नका, पाण्याकडे बघा. भोवत्या आला की त्याच्या वाटेवरची बदकं उठतात, थोडी पुढे जाऊन पुन्हा बसतात, जणू चादरीवरून सुरकुती सरकत जावी. तो गेला की लगेच खाणं सुरू. मोठा गरुड आला तर सगळा जलाशय एकदम उठतो. बहिरी ससाणा आला की मात्र बदकं बहुधा पाण्याला चिकटून राहतात, कारण तो हवेतला शिकारी, उडालं तर मेलं. त्याच वेळी काठावरचे छोटे चिखलपक्षी गच्च गोळा करून उठतात आणि एका अंगाने वळतात. पाठमोरा बसूनही कोण आलंय ते मला बऱ्याचदा आवाजावरून कळतं. टिटवीचं ओरडणं तर आहेच, पण टिटवी कुत्र्यालाही ओरडते, तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

---

काठावरची

मी राहते तिथे हे पक्षी हिवाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात असतात, वीण करायला. तुमचा हिवाळी पाहुणा आमच्याकडचा घरमालक. म्हणून दुसरी बाजू लिहिते.

वसंतात नर इतका वर जातो की ठिपका होतो आणि तिथून कोलांट्या घेत, ओरडत खाली येतो. घरटं जमिनीलगत, पाण्यात उभ्या वेतांच्या बेचक्यात. मादी अंड्यांवर बसते आणि तिला खाऊ घालायचं काम नराचं. कधी कधी एका नराच्या दोन माद्या असतात, मग त्याची दिवसभर धावपळ. तो शिकार घेऊन येतो, हाक देतो, ती वेतातून वर उठते. तो वरून शिकार सोडतो, ती खाली अंग उलटं करून पायांनी झेलते. सगळं दोन सेकंदांत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं दोघे भांडतायत.

फोटो काढणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: तो जिथे शिकार घेऊन पुन्हा पुन्हा येतो तिथे घरटं आहे, आणि तिथे जायचं नाही. वेतात माणूस शिरला की मागे वाट उरते. त्या वाटेने कोल्हा येतो.

हा पक्षी किती सहज संपतो तेही सांगते. १९७१ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये विणीची एकच जोडी उरली होती, सफकमधल्या मिन्समिअर राखीव क्षेत्रात. आधी दलदली निचरा करून शेतं केली, शिकारीसाठी पाळलेले पक्षी राखणाऱ्यांनी हे भोवते मारले आणि मग डीडीटी हे कीटकनाशक आलं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होत चालल्याचं १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातल्या जुन्या-नव्या अंड्यांची तुलना करून दाखवलं. मादी अंड्यावर बसायची आणि अंडं तिच्याच वजनाने फुटायचं. विष थांबलं, वेत राखले, आणि आज तिथे पुन्हा शेकडो जोड्या आहेत. जवळच्या तळ्यावर मादी वेतातून उठताना दिसली की ती एक जोडी मला आठवतेच.

---

तिसरी_फांदी

सगळं मान्य, पण मला जरा अतिरेक वाटतो. पक्षी उडाला तर दहा मिनिटांत परत बसतो. मी नावेतून जातो, नावाडी नेतो तिथपर्यंत जातो. आठवड्याचा एक दिवस मिळतो. पाऊण तासाच्या फेरीची वाट बघत पाच दिवस बसायला सगळ्यांना जमत नाही. आणि एका माणसाने एकदा उडवल्याने पक्ष्याचं काय मोठं बिघडतं?

---

जुना_दुर्बीणवाला

@तिसरी_फांदी, तुमची अडचण खरी आहे, सुट्टी एकच असते. पण "एकदा" हे तुमच्यापुरतं. पक्ष्यासाठी ती त्या सकाळची सातवी नाव असते.

हिशेब असा बघा. भोवत्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात, वर पाणकणीस यांनी लिहिलंच आहे. म्हणजे एक घास पोटात जायला बराच वेळ उडावं लागतं. त्यात थंडीतला दिवस लहान. सकाळी तो पंख पसरून खुंटावर बसलेला असतो, तेव्हा आपल्याला वाटतं निवांत बसलाय, उडवला तर काय. तो रात्रीच्या दवाने भिजलेले पंख वाळवत असतो. बदकांचंही तेच. नाव थव्यात घातली की दोनशे बदकं उठतात, आणि ती आदल्या रात्रभर खाऊन आता विसावलेली असतात.

उडण्याआधी पक्षी सांगतो, आपण ऐकायचं. खाणं किंवा पिसं साफ करणं थांबवतो. मान ताणतो. अंग बारीक करतो. तुमच्याकडे एकटक बघतो. मग पुढे झुकतो, बऱ्याचदा शिटतो. मान ताणली की नाव थांबवायला सांगा. शिटेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. नावाड्यालाही हे आधीच सांगून ठेवावं, तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच तो नाव पुढे घालत असतो. "फोटो मिळाला नाही तरी चालेल" हे वाक्य त्याने आजवर कोणाकडून ऐकलेलं नसतं.

संध्याकाळी तर आणखी जपा. हिवाळ्यात भोवते रात्री एकत्र उतरतात, झाडावर नाही, जमिनीवर, गवतात किंवा वेतात. गुजरातच्या वेळावदरला, काळवीट राष्ट्रीय उद्यानात, जगातल्या मोठ्या मुक्कामांपैकी एक आहे. तिथे फिकट भोवत्या, माँटेग्यूचा भोवत्या आणि आपला दलदली भोवत्या असे सगळे येतात. सूर्य टेकला की चारी दिशांनी येऊ लागतात, घिरट्या घालतात, बसतात, पुन्हा उठतात, अंधार पडेपर्यंत त्यांचं जागा ठरवणं चालतं. त्या वेळी कोणी गवतात घुसलं तर त्यांना काळोखात दुसरी जागा शोधावी लागते आणि जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला कोल्हा-कुत्र्याची भीती असतेच. मुक्कामाचं ठिकाण सापडलं तर लांबून मोजा, वहीत लिहा, फोटोसोबत जागा टाकू नका.

---

शेकाट्या

जागा न टाकण्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या इथे एका ओढ्याकाठी खुंटावर येणाऱ्या ऑस्प्रेचा पत्ता एकाने फोटोखाली लिहिला. पुढच्या रविवारी खुंटासमोर तिकाटण्यांची रांग लागली. एकाने तर खुंटाजवळ मेलेले मासे टाकले. ऑस्प्रे स्वतः पाण्यात पायांनी सूर मारून जिवंत मासा धरणारा पक्षी, बाहेरचं बोट मागे वळवून दोन पुढे दोन मागे अशी पकड घेणारा. त्याने त्या माशांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मासे कुत्र्यांनी खाल्ले आणि त्या वासाने कुत्री रोज यायला लागली. खुंट तसाच आहे, पक्षी नाही.

नोंद करायचीच असेल तर ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) करा, पण चार-सहा दिवस थांबून, पक्षी हलल्यावर.

---

पाणकणीस

@तिसरी_फांदी, एक सुचवू? पुढची सुट्टी पूर्ण एका कोपऱ्यात घालवून बघा. पाच दिवस नकोत, एकच सकाळ. वारा बघून काठ निवडा, उजाडायच्या आत जाऊन बसा, म्हणजे तुम्ही येताना त्याने बघितलेलं नसेल. वेताची कड पाण्यात जिथे जिभेसारखी पुढे आली असेल तिथे बसा, तो ते टोक कापून येतो. फोकस आधीच त्या टोकावर लावून ठेवा आणि लेन्सवर लिमिटर असेल तर जवळचं अंतर बंद करा, नाहीतर ऐन वेळी समोरच्या गवताच्या काडीवर फोकस जातो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर आधी तपासा, काही कॅमेऱ्यांत उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. उन्हं तापली की उठा. पाण्यावरून हवा थरथरायला लागली की कुठलीही लेन्स घ्या, फोटो मऊच येतो.

---

धुकट

काल तुम्ही सगळ्यांनी लिहिल्याप्रमाणे पाण्याकडे बघत बसले. चादरीवरची सुरकुती दिसली! आधी डावीकडची बदकं उठून बसली, मग मधली, मग माझ्या समोरची, आणि मान वर केली तर भोवत्या बरोबर तिथेच. खांद्यावर सायीचा पट्टा होता. मादी लिहू ना?

---

जुना_दुर्बीणवाला

लिहा. बिनधास्त लिहा.

---

तिसरी_फांदी

रविवारी गेलो होतो. नाव केली नाही. उजाडायच्या आधी जिभेच्या टोकाशी जाऊन बसलो, वारा पाठीवर. पाय बधिर झाले. साडेसात वाजेपर्यंत एक जांभळी पाणकोंबडी आणि धुकं, बाकी काही नाही. मग वेताच्या वरून दोन पंखांची टोकं दिसली, फक्त टोकं, अधूनमधून. ती टोकं माझ्याकडे येत गेली. वळणावर तो बाहेर आला आणि समोर होता, नर, राखाडी पंखांचा. इतका हळू येत होता की चेहऱ्याची तबकडी उघड्या डोळ्यांनी दिसली. पिवळा डोळा खाली गवतावर होता, माझ्यावर नव्हता.

अकरा फोटो आले. दोन नीट आहेत. तो माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा पिसांतून वारा वाजत होता, तो आवाज मी ह्याआधी कधी ऐकला नव्हता. पाऊण तासाने तो त्याच कडेने परत आला.

पुढच्या रविवारी पश्चिमेचा वारा असेल तर पलीकडचा काठ धरावा लागेल. तिथे बसण्यासारखा कोपरा कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे लिहू नका.